एका यंत्राचा एकच बिल्ला

छप्पन साली यवतमाळ जिल्हा एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला गेला. आम्ही कचेरीतली माणसे मात्र जागची हललो नाही. टेबले तीच, उधई तीच, चहा आणणारा चपराशी तोच. बदलल्या त्या पाट्या, शिक्के आणि चपराशांचे बिल्ले. जुन्या राज्याचे हिंदीतले पितळी बिल्ले गोळा करून ट्रेझरीत जमा करावेत, असा हुकूम आला. आमच्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, ते मोजून पाठवले. ट्रेझरीने मोजले, तर एक जास्त भरला. कमी भरला असता तर काय करायचे याचा नियम होता. जास्त भरला तर काय करायचे हे कोणी लिहून ठेवले नव्हते. ट्रेझरीने तो जादा बिल्ला परत पाठवला. बडेबाबूंनी तो खणात टाकला. पुढच्या वर्षी याच बिल्ल्यापुढे आम्ही सगळे हात बांधून उभे राहणार होतो.

आमची कचेरी पिकांच्या आकड्यांची. जिल्ह्यातल्या निवडक शेतांत दोरीने लहानसा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून तोलायचे, आणि त्यावरून साऱ्या तालुक्याला एकरी किती पिकले ते सांगायचे, असे काम होते. तुकडा लहान आणि तालुका मोठा, त्यामुळे मधल्या जागेत गुणाकार-भागाकार फार. मी नुकताच बी. ए. होऊन ज्वारीच्या टेबलावर बसलो होतो. शेजारी कापसाचे टेबल होते. तिथले गृहस्थ वणीचे, वयाने माझ्यापेक्षा मोठे, गप्पिष्ट. त्यांना आम्ही कापूसवाले म्हणत असू.

सत्तावन्नच्या पावसाळ्यात आमच्याकडे हिशेबाचे यंत्र आले. काळे, जड, पुढे आकड्यांचे खटके आणि उजव्या बाजूला फिरवायचा दांडा. गुणाकार करायचा तर दांडा पुढे फिरवायचा, भागाकाराला मागे. चूक झाली की घंटी वाजे. जिल्ह्यात असे दुसरे नव्हते, आणि ही गोष्ट साहेब दिवसातून एकदा तरी कोणाला तरी सांगत.

उद्घाटन झाले. नारळ फुटला, साहेबांनी अणुयुगावर भाषण केले आणि स्वहस्ते बारा गुणिले बारा केले. शिकवायला आलेल्या माणसाने आधीचा आकडा पुसला नव्हता, त्यामुळे उत्तर आले चांगले पाच आकडी. टाळ्या झाल्या. साहेब म्हणाले, "पाहा, हाताने इतके आले नसते."

दुसऱ्या दिवसापासून यंत्रासाठी मारामारी सुरू झाली. ज्यांनी आजवर कागदाच्या कोपऱ्यावर मुकाट्याने बेरजा केल्या होत्या, त्यांचे एकाएकी यंत्रावाचून अडू लागले. साहेबांनी प्रत्येकाला अर्धा तास बांधून दिला. मग ज्याला काम नव्हते तोही आपला अर्धा तास सोडीना. यंत्राचा खडखडाट साहेबांच्या खोलीत ऐकू जाई, आणि दांडा मोकळा फिरवला तरी आवाज तोच येतो, हे सर्वांच्या लवकरच ध्यानात आले. पशुगणनेचे टेबल सांभाळणारे एक वयस्क गृहस्थ जेवणानंतर यंत्रापाशी बसून डोळे मिटून दांडा फिरवीत. त्यांचे काम फार वाढले आहे, असे साहेबांचे मत झाले.

त्यातच कापूसवाले एकदा भागाकार अर्धा टाकून तंबाखू मळायला बाहेर गेले आणि मी यंत्रावर बसलो. मी माझी ज्वारी मांडली, मला चहा आला म्हणून उठलो, ते परत येऊन बसले आणि जिथे सोडले होते तिथून पुढे चालू लागले. वरून पत्र आले की दारव्हा तालुक्यात कापूस एकरी इतका कसा काय पिकला. कापूसवाल्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुमची ज्वारी माह्या कापसात आली ना बाप्पा!"

"तुमचा कापूस माझ्या ज्वारीत आला असेल. माझी ज्वारी उठून कुठे जात नाही."

"मी तंबाखूले गेलतो, मेलो नव्हतो. जरा थांबता येत नव्हतं काय?"

हे भांडण बडेबाबूंपर्यंत गेले. बडेबाबू जुन्या राज्याच्या नोकरीत मुरलेले, उंच, वाकलेले, सज्जन गृहस्थ. त्यांचे सासरे लहान गाडीच्या मार्गावर स्टेशनमास्तर होते. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हाती एक खूण देतात आणि ती खूण ज्याच्याजवळ त्याचीच गाडी सुटते, हे त्यांनी सासुरवाडीला पाहिले होते. त्यांनी खणातून तो पितळी बिल्ला काढला, आपल्या टेबलाजवळच्या खिळ्याला टांगला आणि सगळ्यांना बोलावले.

"देखो भाई. हा बिल्ला ज्याच्याजवळ, यंत्र त्याचं. काम झालं की आकडे पुसायचे, बिल्ला खिळ्याले. बिल्ला नाही तर यंत्राले हात नाही. मग थो कोणी असो."

"साहेब असले तर?" पशुगणनावाल्यांनी विचारले.

"साहेबांनी सही केली आहे. साहेब बी."

व्यवस्था खरोखर चांगली होती. बिल्ला घ्यायला बडेबाबूंच्या समोर जावे लागे, आणि ते चष्म्यावरून इतके शांतपणे पाहत की नुसता दांडा फिरवायला कोणी जाईना. पशुगणनावाले जेवणानंतर आपल्या टेबलावरच डोळे मिटू लागले. साहेबांनी या योजनेचे वर्णन करणारे पत्र वर पाठवले आणि त्यात 'मी' हा शब्द सढळ हाताने वापरला. वरून शाबासकी आली. इतर जिल्ह्यांनी अनुकरण करावे, असेही त्यात होते. त्यांच्याकडे यंत्र नव्हते, एवढीच अडचण.

नियमाला एक पुरवणी होती. हंगामी नोकराने यंत्राला हात लावायचा नाही. लावायचाच तर कायम नोकर शेजारी बसलेला हवा. आमच्याकडे हंगामी नोकर एकच होता. घाटंजीजवळच्या तांड्यातला मुलगा, मॅट्रिक झालेला, पीक तोलायच्या कामावर गावोगाव हिंडणारा. त्याला सगळे हंगामीच म्हणत, आणि हाक मारली की तो "जी" म्हणे. त्याचे आजोबा-पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर फिरत. हा आमची वजने-काटे घेऊन फिरे. घरी आईला याडी म्हणणारा, आमच्याशी झकास वऱ्हाडी बोलणारा, हसरा पोरगा. त्याच्या शेजारी कायम नोकर म्हणून बसायचे काम माझ्याकडे आले. मी कायम होऊन फार दिवस झाले नव्हते, पण कायमपणाला वय लागत नाही.

हिवाळ्यात त्याची जागा पणाला लागली. हंगामी जागांना मुदतवाढ द्यायची की त्या मोडायच्या, हे वर ठरत होते. साहेबांनी त्याला बोलावून सांगितले, की खरिपाचे तुझ्या वाट्याचे आकडे सोमवारच्या टपालाने गेले तर मी तुला कायम करण्याची शिफारस करतो. नाही गेले तर या जागेची गरज नाही असे समजले जाईल. एवढे बोलून साहेब पुसदकडे दौऱ्यावर गेले.

पोराने आकडे हाताने काढूनच ठेवले होते. पण यंत्र आल्यापासून प्रत्येक कागदावर 'यंत्रावर तपासले' असा शेरा लागे. शेरा नसलेला कागद परत येई, मग त्यातले उत्तर बरोबर असले तरी. शुक्रवारी आम्ही दोघे बिल्ला घ्यायला गेलो, तर खिळा मोकळा.

शोध झाला. यंत्रावर नाही, टेबलांवर नाही, खणांत नाही. बिल्ला शेवटी कोणी घेतला होता? गुरुवारी कापूसवाल्यांनी. कापूसवाले कुठे आहेत? वणीला, धाकट्या भावाच्या लग्नाला. बिल्ला त्यांच्या कोटाच्या खिशात गेला, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

यंत्र समोर होते. त्याला ना कुलूप, ना साखळी. वर एक निळे कापड घातलेले. मी बडेबाबूंना म्हणालो, "एक दिवस बिल्ल्याशिवाय बसू द्या."

बडेबाबूंनी चष्मा काढून पुसला. "तुमाले बसू देईन. मग मंगळवारी कापूसवाले येतीन, म्हनतीन माह्याजवळ बिल्ला आहे, उठा. मी कोणाले उठवू?"

"पण मंगळवारी याची नोकरीच राहणार नाही."

"थे मले समजत नाही काय?" त्यांचा आवाज जरा चढला, तो आम्ही पहिल्यांदाच ऐकला. "दुसरा बिल्ला असता तर आत्ता दिला असता. पण दोन बिल्ले म्हणजे दोन गाड्या अन् रूळ एक."

हंगामी माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, आमच्या आज्याले दिल्लीपोतर मीठ न्यायले बिल्ला नाही लागला. मले या खोलीतून त्या खोलीत जायले लागून राह्यला."

बडेबाबूंना हसू आले. खिळ्याकडे पाहून ते म्हणाले, "वणीची गाडी सकाळी आहे. दोघं जा. मी रजा लिहितो." मग खिशातून काढून आहेराचे पाकीट माझ्या हाती दिले. "अन् हे नवरदेवाले द्या. जाऊनच राह्यले तर."

शनिवारी एस. टी.ने आम्ही वणीला पोचलो. लग्नघर शोधायला बँडचा आवाज पुरला. कापूसवाले मांडवाच्या दाराशी नुसत्या शर्टावर उभे होते. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा फुलला. कचेरीतून कोणी येईल अशी त्यांना आशाच नव्हती.

"अरे, आले! आधी जेवा."

"बिल्ला," मी म्हणालो.

"जेवा ना बाप्पा, मग बिल्ला-बिल्ला करा." एवढे बोलून त्यांनी छातीवर हात फिरवला, जिथे कोटाचा खिसा असायला हवा होता. मग त्यांचा चेहरा उतरला. "कोट नवरदेवाच्या अंगात आहे."

त्या घरात कोट एकच होता. कापूसवाल्यांच्या लग्नात नागपूरला शिवलेला, काळ्या गरम कापडाचा. त्या कोटाने आजवर घरातली तीन-चार लग्ने लावली होती, आणि एरवी कापूसवाल्यांची थंडी सांभाळली होती. आता तो धाकट्या भावाच्या अंगात मारुतीच्या देवळातून वाजतगाजत मांडवाकडे येत होता.

"मग काढून घ्या ना," हंगामी म्हणाला.

"वेडा झाला काय? मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाचा कोट काढू? लग्न लागू दे. मग पंगतीच्या वेळी मी हळूच काढतो."

परतीची गाडी दुसऱ्या दिवशीच होती. आम्ही मांडवात बसलो. मुलीकडची मंडळी चांद्याची, पिढ्यानपिढ्या सरकारी नोकरीतली. त्यांच्या पुढच्या ओळीत मुलीचे थोरले काका बसले होते. निवृत्त नाझर, म्हणजे कचेरीच्या रोकडीचा आणि चपराशांचा कारभार पाहिलेले. फेटा, काठी, आणि समोरच्या माणसाची आपल्याकडे काहीतरी बाकी आहे अशी नजर. नवरदेव जवळच्या कोळशाच्या खाणीत हजेरी कारकून होता, आणि मुलीकडच्यांनी 'कारकून' हा शब्द दोनदा विचारून खात्री करून घेतली होती, असे कापूसवाल्यांनी मला कानात सांगितले.

नवरदेव आला. अंतरपाट धरला गेला. पाटावर चढण्याआधी त्याने नाझरकाकांना वाकून नमस्कार केला, आणि कोटाच्या फाटक्या अस्तरातून बिल्ला निसटून फरशीवर पडला. पितळ चांगले होते. आवाज मांडवभर गेला.

काकांनी तो उचलला. चष्मा लावला. साऱ्या आयुष्यात असे बिल्ले त्यांनी शेकड्यांनी वाटले असतील. त्यांना वाचायचीही गरज नव्हती. तरी त्यांनी मोठ्याने वाचले.

"चपरासी."

बँडवाल्यांनासुद्धा थांबावेसे वाटले.

"आम्हाला कारकून सांगितलं होतं," काका म्हणाले.

"कारकूनच आहे जी!" कापूसवाले धावले. "बिल्ला माहा आहे!"

"म्हणजे तुम्ही चपराशी?"

"नाही, मी कापसाचं टेबल..."

"कारकुनाच्या घरात चपराशाचा बिल्ला कायले येते?" मुलीकडचा एक जण म्हणाला. लगेच मुलीची मावशी मागून म्हणाली, "अन् चपराशी असला तं काय झालं? चपराशाले पेन्शन नाही काय?" त्यावर दुसरी म्हणाली, "तू गप बस, तुझा जावई मामलेदार आहे म्हून बोलून राह्यली." अंतरपाट धरलेल्या दोघांचे हात भरून येऊ लागले. पलीकडून नवरी हळूच विचारीत होती, "काय पडलं? कोणी सांगाल काय?"

हंगामी माझ्या शेजारून कधी उठला ते मला कळले नाही. तो काकांच्या समोर जाऊन हात जोडून उभा राहिला.

"आजोबा, थो बिल्ला ना यांचा, ना त्यांचा. थो यंत्राचा आहे."

"तू कोण?"

"मी हंगामी, जी."

मांडवात हसू फुटले. काका हसले नाहीत. "यंत्राला चपराशाचा बिल्ला? मला शिकवतो?"

मग त्या पोराने सगळे सांगितले. यंत्र, अर्धा तास, दारव्ह्याचा कापूस, लहान गाडीची खूण, खिळा, सोमवारचे टपाल आणि आपली नोकरी. काका काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होते आणि त्यांना एक अक्षरही पटत नव्हते, हे दिसत होते. शेवटी त्यांनी विचारले, "जुने बिल्ले तर सगळे जमा झाले. हा कसा उरला?"

तो गोंधळला, हे त्याच्या येण्याआधीचे होते. मी पुढे झालो. "मोजणीत एक जास्त भरला. ट्रेझरीने जादा म्हणून परत केला."

काकांची हनुवटी काठीवरून वर आली.

"परत केला?"

"हो. जमा करून घ्यायला नियम नव्हता."

"नाहीच आहे," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ओळखीचा भाव आला. "मीही घेतला नसता." ते मंडळींकडे वळले. "हे खरं बोलतात. असलं कोणाला मनानं सुचणार नाही. चला, अंतरपाट नीट धरा, मुहूर्त जातो."

मंगलाष्टके लागली. अक्षता पडल्या. नवरीने अखेर नवऱ्याकडे पाहिले आणि मग, मी पाहिले, त्याच्या कोटाच्या खिशाकडे.

पण बिल्ला आम्हाला लगेच मिळाला नाही. तो काकांनी मुठीत धरून ठेवला होता. अक्षता पडल्यावर हंगामीने हात पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "सरकारी वस्तू हंगामी माणसाच्या हाती कशी देऊ?" मी कायम असल्याचे सांगितले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि पोच मागितली. ती मी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहून दिली. मग त्यांनी आग्रह करकरून आम्हाला जेवू घातले. बुंदी मी तिसऱ्यांदा घेतली ती नोकरीचा भाग म्हणून.

सोमवारी सकाळी कचेरी उघडण्याआधी हंगामी पायरीवर बसलेला होता. बडेबाबूंनी बिल्ला माझ्याकडून घेतला, खिळ्याला टांगला आणि मग खिळ्यावरून काढून परत आमच्या हाती दिला. मधले टांगणे त्यांनी गाळले नाही. पोरगा आकडे वाची, खटके दाबी, दांडा फिरवी. मी शेजारी बसून कायम असे. जेवणाच्या सुट्टीत पशुगणनावाले आपली पाळी मागायला आले, तर बडेबाबू स्वतः उठून दाराशी उभे राहिले. त्यांनी कोणाला अडवले असे म्हणता येणार नाही. ते फक्त तिथे उभे होते आणि दार अरुंद होते.

एकूण आकड्यांत एक चूक सापडली. ती यंत्रावर केलेली होती. हाताने काढलेले उत्तर बरोबर होते. आम्ही ते परत फिरवून पाहिले, 'यंत्रावर तपासले' असा शेरा मारला, आणि चपराशी पाकीट घेऊन टपालात गेला. तो परत येईपर्यंत हंगामीने चहा प्यायला नाही.

साहेब दौऱ्यावरून आले. वणीची हकीगत त्यांना कोणीतरी सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि वर आणखी एक पत्र लिहिले, की बिल्ल्याची पद्धत इतकी पक्की आहे की कर्मचारी सुट्टीच्या दिवशी परगावी जाऊनही ती पाळतात. शिफारस मात्र त्यांनी शब्दाप्रमाणे केली, हे सांगितले पाहिजे.

उन्हाळ्यात, सकाळची कचेरी सुरू झाली त्या सुमारास हुकूम आला. बडेबाबूंनी तो आधी स्वतः वाचला, मग मला वाचायला दिला, मग ज्याचा होता त्याला. जागा कायम झाली होती. आता यंत्राला हात लावायला त्याला माझी गरज नव्हती. खालच्या ओळीत त्याची बदली होती. घाटंजीला, तालुक्याच्या कचेरीत. तिथे यंत्र नव्हते.

"यंत्र मिळालं अन् गेलं बी," कापूसवाले म्हणाले.

"जाऊ द्या ना जी," तो म्हणाला. "घाटंजीवरून माहा तांडा सायकलीनं होते. याडीच्या हातचं खाईन, बोटावर हिशेब करीन. इथं तं समोर यंत्र, शेजारी तुमी, दारात बडेबाबू अन् बिल्ला वणीले."

त्याला पोचवायला आम्ही तिघे एस. टी. स्टँडवर गेलो. ट्रंक टपावर चढली. बडेबाबूंनी त्याला घाटंजीच्या हेडक्लार्कशी कसे वागायचे ते सविस्तर सांगितले. तो ऐकत होता, पण एक पाय केव्हाच गाडीच्या पायरीवर ठेवलेला होता. गाडी हलली तशी त्याने खिडकीतून डोके काढले.

"भाऊ, आता मी कायम! कोणी हंगामी आला तं त्याच्या शेजारी मी बसीन."

"आणि काय करशील?"

"काही नाही जी. नुसता बसीन," तो ओरडला, आणि गाडी धूळ उडवीत निघून गेली.